येळवशीचा घातपात

ह्या गोष्टीत कुणी मरत न्हाई.

आंदीच सांगून टाकतो. न्हाईतर घातपात, दुश्मन, हेर असले शब्द वाचून तुम्ही ताठ बसणार, आता बंदुका कडाडतील, जीप उडंल, कुणीतरी गोरी बाई लांब कोट घालून अंधारातनं येईल म्हणून वाट बघणार. बघू नका. जीप न्हाई. अंधार न्हाई, सगळं भर दुपारी झालंय. गोरी बाई पण न्हाई. (आमची काकी तशी गोरी हाय, पण तिच्या हातात पिस्तूल नसतंय, पळी असती. पळीच जास्त भारी हाय, ते पुढं कळंलच.) एक पूल तेवढा पडतोय, पण त्यो पण लई वर्षांमागं, बिदरच्या एका टॉकीजमधी. आणि पडल्यावर काय झालं ते आजपर्यंत कुणाला कळलं न्हाई. सगळी भानगड तिथनंच सुरू झाली.

झालं असं. माझे अप्पा आणि त्यांचे धाकटे भाऊ, म्हणजे आमचे शिवाकाका, दोघं पोरसवदा होते तवा घरी न सांगता ट्रकात बसून बिदरला गेल्ते आणि एक इंग्रजी लढाईचा सिनेमा बघितल्ते. इंग्रजी दोघांना पण येत नव्हतं. डोळ्यानं कळलं तेवढं कळलं. गोऱ्यांची एक टोळी दुश्मनाच्या मुलखात घुसती. एक पूल उडवायचा असतोय. शेवटी वायर कमी पडती. तवा एक गडी पुलाखालीच थांबतोय आणि हातानं वायर जोडतोय. धडाम! पूल खाली, गडी ढिगाऱ्याखाली. धूळ बसती. ढिगाऱ्यातनं एक हात वर आलेला दिसतोय... आणि फट्कन लाईट गेली!

लाईट काय आली न्हाई. मॅनेजरनं सगळ्यांना बाहेर हाकललं.

अप्पा म्हणतात, हात हालला. गडी जित्ता.

काका म्हणतात, हात हालला न्हाई. गडी मेला.

एवढ्यावर सख्खे भाऊ जन्मभर भांडले. पण ते गोडीतलं भांडण होतं. पेरता पेरता, भाकर खाता खाता. एकानं म्हणायचं "मेला", दुसऱ्यानं म्हणायचं "जित्ता", आणि दोघांनी पुन्हा कामाला लागायचं. बिघडलं ते काकांच्या नव्या घराच्या वास्तूला. पंगत बसल्ती, अख्खं गाव पानावर, आणि काका पाव्हण्यांना तीच गोष्ट रंगवून सांगायले. "...आणि त्यो बिचारा गडी मेला बगा."

अप्पांच्या हातात पोळीचा घास होता. तसाच थांबला.

"न्हाई मेला."

"मेला, अण्णा."

"हात हालला, शिवा. मी ह्या डोळ्यांनी बघितलो."

"तुला कुठलं दिसतंय! तुझ्यापुढं मोठ्या पागोट्याचा माणूस बसल्ता. अख्खा सिनेमा तू मलाच विचारत बघितलास, 'काय झालं रे, काय झालं रे!'"

पंगत हसली. अप्पा सगळं सहन करतात, पण पंगत हसलेली न्हाई. (हे माझ्याइतकं कुणालाच माहीत न्हाई. मी सगळ्या गावाची नक्कल करतो, अप्पांची केलो की लोक हसतात आणि माझी पाठ रडती.) ते उठले. भरल्या पानावरनं! भावाच्या वास्तूत! न जेवता!

झालं. दोन वर्षं बोलणं बंद. काका म्हणायचे, "माझ्या दारातनं उपाशी गेला. आता त्यानंच हाक मारावी." अप्पा म्हणायचे, "चारचौघांत मला खोटं पाडला. आता त्यानंच यावं." शेताला शेत लागलेलं, मधी एक बांध. अलीकडनं अप्पा आमच्या बैलाला शिव्या द्यायचे, त्या काकांसाठी असायच्या. पलीकडनं काका त्यांच्या पाण्याच्या मोटारीला सुनवायचे, ते अप्पांसाठी असायचं. बैल आणि मोटार, दोघांची काय चूक नसताना आमच्या चिंताकी गावात लई बदनामी झाली.

मधी आली आमची अक्का, माझी थोरली बहीण.

अक्का औरादच्या शाळेत शिकवती. तिचं लगीन जनवाड्याच्या एका पोराशी ठरलं. पोरगा चांगला, अक्काला पसंत. अप्पांनी पत्रिकेचा मजकूर लिहून काढला आणि त्यात काकांचं नाव घातलं न्हाई. अक्कानं वाचून कागद अप्पांच्या हातात परत ठेवला.

"काका-काकी न्हाईत, तर अक्षता न्हाईत."

"अगं, त्यानं यायला पाहिजे की!"

"मला खांद्यावर बसवून शाळेत सोडायचे ते काका. गाडी शिकवले ते काका. मी त्यांना विचारून आले. ते म्हणले, अण्णानं एक हाक मारू दे. मारा की हाक!"

"मी? मरंपर्यंत न्हाई!"

"बरं. मग पत्रिका छापू नका."

अक्का एकदा 'बरं' म्हणली की संपलं. तिच्या वर्गातली पोरं पण हे ओळखून हाईत. तिकडं जनवाड्याहून फोन यायले, "पत्रिका कवा? येळवस झाल्यावर पण आली न्हाई तर आम्ही काय समजायचं ते समजतो." अक्का फोन ठेवायची आणि भाकरी थापायची. मी तिच्यापुढं अख्ख्या गावाच्या नकला करून बघितलो. हेडमास्तरची केलो, कंडक्टरची केलो. हसली न्हाई. हेडमास्तरला न हसलेली अक्का मी जन्मात बघितलो नव्हतो.

तवा मी ठरवलो. काय पण होऊ दे, काकांना बांधाच्या अलीकडं आणायचं म्हणजे आणायचं!

पहिला विचार सरळ होता. त्यो सिनेमा शोधायचा, शेवट दोघांना दाखवायचा, भांडण मिटवायचं. माझा दोस्त मोईन बसस्टँडपाशी मोबाईल दुरुस्त करतोय. त्याच्यापाशी जगातले सगळे जुने लढाईचे सिनेमे, हिंदीत डब केलेले. फक्त नाव सांगायचं.

नाव दोघांना पण आठवत न्हाई.

"अप्पा, काय तरी खूण सांगा की!"

अप्पांनी डोळे मिटले. लई वेळ मिटले. मग म्हणले, "एक गोरा होता. टोपी होती. पूल होता."

मोईननं कपाळाला हात लावला. "चाचा, सबमेंच गोरा है! सबमेंच टोपी है! पूल नै वो पिच्चर बताओ तुम!"

शेवटी सगळेच बघायला सुरू केलो. दुकान बंद केलं की मोईन आमच्या घरी. अप्पा लोडाला टेकून. धरणं फुटायली, रेल्वे उडायली, डोंगरावरच्या तोफा खाली यायल्या. जर्मन अफसर खणखणीत हिंदीत शिव्या द्यायले, तोंड एकीकडं हालायलंय आणि आवाज दुसरीकडनं यायलाय. एका सिनेमात तर अप्पा रडले. टोळीतला म्हातारा मेला, तवा अप्पा रुमालानं डोळे पुसले, नाक शिंकरले आणि म्हणले, "ह्यो न्हाई."

"मग रडलात कामून?"

"चांगला माणूस होता."

आणि मजा बगा. एक दिवस मोईन मला बाजूला घेऊन म्हणला, "तेरे काका बी आते रे दुकान पे. वोइच पूल ढूंडते. मेरेकू बोले, अण्णा को नक्को बोल."

म्हणजे दोन्ही भाऊ एकच पूल शोधायले, एकमेकाला चोरून! सिनेमा काय सापडला न्हाई. पण एवढे सिनेमे बघून मी आणि मोईन मात्र पक्के कमांडो झालो. दुश्मनाच्या मुलखात समोरनं जायचं न्हाई, मागनं जायचं. वेश बदलायचा. पाखराच्या आवाजात खूण करायची. आणि टोळीत एकाला दुश्मनाची भाषा आली पाहिजे.

"काका की बोली किसकू आती?" मोईननं विचारलं.

"अरे, मराठीच बोलतात की ते!"

"हौ, सच्ची. येक काम हलका हुआ."

आता येळवस. इकडच्यांना सांगायची गरज न्हाई, लांबच्यांसाठी सांगतो. मार्गशीर्षातल्या अमावास्येला आमच्याकडं गाव ओस पडतंय. कुत्रं सुद्धा रानात. ज्याच्या त्याच्या शेतात कडब्याची कोप, म्हणजे खोपटी, उभी करतात, आत पाच दगड चुन्यानं रंगवून मांडतात, ते पांडव. त्यांची पूजा करायची आणि मग जेवायचं. सगळ्या डाळी-भाज्यांची भज्जी, बाजरीच्या पिठाचे उकडलेले गोळे म्हणजे उंडे, आणि मडकं भरून आंबील, म्हणजे ज्वारीचं पीठ ताकात शिजवून आंबवलेलं. ती पोटात गेली की माणूस बसल्या जागी झोपतोय. आणि सगळ्यांत मोठा नियम म्हणजे त्या दिवशी रानातनं जाणाऱ्या माणसाला जेवू घातल्याशिवाय सोडायचं न्हाई. ओळखीचा असो, अनोळखी असो, वैरी असो.

हा शेवटचा शब्द माझ्या डोक्यात बसला.

"मोईन," मी म्हणलो, "काकांच्या कोपीतनं आंबील पळवायची."

"काइकू?"

"आंबील न्हाई तर येळवस कसली? काकांना शेजारच्या शेतात यावं लागंल. शेजारचं शेत कुणाचं?"

"तेरे अप्पा का!"

"येळवशीला दारात आलेल्याला अप्पा न्हाई म्हणतील? आणि काका एकदा आमच्या कोपीत जेवले की वास्तूची पंगत फिटली!"

मोईन माझ्याकडं बघतच राहिला. "जनरल है रे तू, जनरल." मग जरा थांबून म्हणला, "आंबील सांडने का क्या?"

"छे! अन्न हाय. पाप लागंल. उचलायची, झाडाखाली ठेवायची, झाकण घालून."

जगात एवढा पापभीरू घातपात कुणी आखला नसंल!

"और मरेगा कौन?" मोईन म्हणला. "पिच्चर में येक तो मरताच."

"तू मर."

"मेरेकू दुकान है. तू मर. तू कुछ करताच नै."

येळवशीच्या दिवशी सकाळीच टेहळणी झाली. बांधावरनं सरळ जायचा प्रश्नच नव्हता. अलीकडं अप्पा बांधाकडं तोंड करून बसलेले, हरभरा बघायलो असं दाखवत. पलीकडं काका बांधाकडं तोंड करून बसलेले, तूर बघायलो असं दाखवत. एक पण माणूस त्या हरभऱ्याकडं का तुरीकडं बघत नव्हता. म्हणून ठरलं, मोईन आमच्या शेतात झाडाखाली थांबून नजर ठेवणार, आणि मी ओढ्याकडनं, मागच्या तीन शेतांतनं फिरून काकांच्या कोपीच्या पाठीमागं.

मागच्या तीन शेतांतनं. येळवशीच्या दिवशी. भर दुपारी.

जगातल्या कुठल्या पण जनरलनं केली नसती ती चूक इथं झाली.

वेश तयार केलो. काळी घोंगडी, डोक्याला पागोटं, तव्याच्या काजळीची मिशी. वाकून, लपत, तुरीच्या आडोशानं पहिल्या शेतात शिरलो. चार पावलं गेलो नसंन.

"ए मल्लप्पाच्या पोरा!" कोपीतनं बंडाप्पाआज्जा वरडले. "वाकून कामून चालायलास? पोटात दुखायलंय का? मिशीला काय लागलंय ते पूस, हात धू, जेवायला बस!"

"मी... मी न्हाई त्यो, आज्जा. मी मंठाळचा हाय."

"मंठाळचा हाईस तर लांबनं आलास की! आणखी एक उंडा वाढा रे ह्याला!"

जेवलो. काय करणार! हात धुऊन, मिशी नव्यानं काढून दुसऱ्या शेतात शिरलो. तिथं औरादच्या पलीकडनं आलेलं तेलुगू बोलणारं बिऱ्हाड, शेत बटईनं करायलंय. बाई पळत आली, घोंगडीच धरली. "रा रा! तिनु, तिनु!" म्हणजे ये, जेव. आता मला तेलुगूत 'पुरे' म्हणायला येत न्हाई. मी कन्नडात 'साकु' म्हणलो. मराठीत 'बास' म्हणलो. उर्दूत हात जोडून 'बस जी बस' म्हणलो. बाईनं तिन्ही भाषांना मान डोलावली आणि तिन्ही वेळा वाढली! टोळीत एकाला दुश्मनाची भाषा आली पाहिजे असं सिनेमात कामून म्हणतात ते मला तवा कळलं.

तिथनं निघालो तवा मी वाकून चालत नव्हतो. वाकता येतच नव्हतं. टिटवीचा आवाज काढून मोईनला खूण केलो. उत्तर न्हाई. पुन्हा केलो. कुठल्यातरी कोपीतनं एक म्हातारी कडाडली, "दिवसाढवळ्या टिटवी वरडायली, कुणाचं वाटोळं होतंय की!" (म्हातारीला पुढचं दिसायलं होतं, आता काय बोलायचं!) शेवटी मोईनला फोन लावलो.

"मोईन, दुश्मन काय करायलाय?"

"हम्म... उम्म..."

"तोंडात काय हाय?"

"उंडा... तेरी अव्वा ने पकड ली रे..."

आमच्या आईनं माझा टेहळ्या कवाच कैद करून पानावर बसवला होता. आता मी एकटा. पण माघार घ्यायची न्हाई! अक्काचा चेहरा डोळ्यांपुढं आणलो आणि तिसऱ्या शेतात शिरलो. तिथं रिटायर झालेले आमचे हेडमास्तर. ज्यांची नक्कल करून मी शाळेत सगळ्यांत जास्त मार खाल्लो ते.

"ये!" ते म्हणले. "आज मारणार न्हाई. माझी नक्कल कर, मग जेव."

"सर, पोट भरलंय."

"पोट भरलंय म्हणजे काय? मी शाळेत तुझं पोट भरलंय का असं विचारून मारायचो का?"

नक्कल केलो. मास्तर हसून हसून आडवे झाले. बक्षीस म्हणून आंबीलचे दोन तांबे पाजले.

काकांच्या कोपीच्या पाठीमागं पोहोचलो तवा मी कमांडो राहिलो नव्हतो, भरलेलं पोतं झाल्तो. डोळे मिटायले. आंबील झोपवायली. पण मडकं समोर होतं, कडब्याच्या पलीकडं, हातभर अंतरावर! पेंढ्या बाजूला सारलो, डोकं आत घातलो, खांदे घातलो, जोर केलो...

आणि पोट अडकलं.

पुढं जाईना. मागं येईना. डोकं कोपीत, पाय काकांच्या तुरीत. समोर चुन्यानं रंगवलेले पाच पांडव माझ्याकडं बघायले. आणि कोपीच्या तोंडापाशी, बाहेर, काका-काकी बोलायले.

"जेवा की आता," काकी म्हणली. "ऊन उतरायलंय."

"थांब गं. अण्णा हाक मारंल."

"दोन वर्षं हेच ऐकायले मी."

"ह्या वक्ताला मारंल. पोरीचं लगीन हाय. त्यानं एक हाक मारू दे, हे आंबीलचं मडकं उचलून मी पळत जातो बघ. त्याला माझ्या हातची आंबील लागती."

माझ्या घशात काय तरी दाटून आलं. (उंडा पण असंल.) म्हणजे मडकं पळवायची गरजच नव्हती! काका त्याच मडक्यासकट उभे होते, फक्त एका हाकेची कमी! आणि अप्पांची हाक तर माझ्या गळ्यात जन्मापासनं बसलेली. आंदी खोकलो, अप्पांसारखं, दोनदा, दुसरा खोकला जरा ओढून. मग वरडलो:

"ए शिवाऽऽ! ये रे जेवायलाऽऽ!"



"हाक आली!" काका एकदम उठले. "अगं, हाक आली! म्हणलो नव्हतो?"

"पण ती मागनं आल्यासारखी वाटली की..."

"वाऱ्यानं फिरली असंल! सरक, मडकं घेऊ दे!"

काका आत यायले! मी काय करणार? घोंगडी डोक्यावर ओढलो आणि दगड झालो. काका घाईघाईत आत आले, पांडवांपुढं वाकले, एकेकाला हात जोडत गेले... आणि पाचव्यानंतर मला पण नमस्कार केले. मडकं उचलून पळाले!

सहावा पांडव म्हणून मला लई वेळ राहता आलं न्हाई. कापसासारखा हळू मागं सरकावं म्हणून जोर लावलो, तर घोंगडी कोपीच्या मधल्या खांबाला अडकली. आणखी जोर लावलो. खांब म्हणला, बरं.

धडाम!

पुढचं मी बघितलो न्हाई, मी कडब्याखाली होतो. मोईननं बघितलं, पानावर बसून, तोंडात घास घेऊन. त्यानं सांगितलं ते असं. काकी किंचाळली, "अय्योऽ, कोप पडली!" अप्पांनी बांधापलीकडं मान वर केली, बघितलं तर भावाची कोप भुईसपाट. तुरीच्या आडनं येणारा भाऊ दिसत न्हाई. अप्पांचा रंग उडला. "शिवा! अरे शिवाऽऽ!" म्हणत धोतर सावरत पळाले. दोन वर्षांत बांधाला पाय न लावलेला माणूस, उडीच मारली! आणि पलीकडनं काका, डोक्यावर मडकं, तोंडभर हसू, मागं काय पडलं ते वळून सुद्धा न बघता बांधावर चढायले. (आनंदात माणसाला कोप पडलेली ऐकू येत न्हाई.)

दोघं बांधावर एकमेकाला धडकले. मडकं फुटलं. आंबील दोघांच्या डोक्यावरनं खाली!

मोहीम फत्ते. आंबील नष्ट. फक्त मला बघायला मिळालं न्हाई.

"शिवा, तू जित्ता हाईस!" अप्पा काकांचे दंड चाचपायले.

"मला काय झालंय? तू हाक मारलास, मी आलो."

"मी आत्ता वरडलो."

"आत्ताची न्हवं रे. आंदीची. 'ये रे जेवायला' म्हणलास. खोकलास पण."

"मी कवा खोकलो?"

आंबील दोघांच्या मिशांवरनं थेंब थेंब गळायली. दोघांनी हळूच मान वळवली. कडब्याच्या ढिगाकडं. मोईन म्हणला, "गया रे गया, बसू गया." (बसू म्हणजे मी.)

सगळे ढिगाभोवती जमा झाले. आत मला श्वास घ्यायची चोरी. हवा पाहिजे म्हणून चाचपडत होतो, तर एक हात कडब्यातनं वर निघाला आणि मी भ्यालो, तसाच ठेवलो.

वर अप्पांचा आवाज, बारीक.

"शिवा... हात."

"व्हय अण्णा. तसाच. तसाच वर आल्ता."

"हालायलाय का बघ."

"हालत न्हाई, अण्णा."

"थांब जरा. लाईट जात न्हाई आता."

मी कसाबसा दम धरून पडलो होतो. पण कडब्याचा काटा मनगटाला टोचायला, मुंगी चालायली, किती सहन करणार! बोटं हालवलो.

"हालला!" अप्पा नाचायलेच. "हालला! बघितलास? मी म्हणलो की न्हाई?"

काका वाकून बोटं निरखले. मग हळूच म्हणले, "हालला, अण्णा. जित्ता हाय." आणि जरा थांबून, "मग त्यो पण जित्ता असंल."

"असंल न्हवं. हायच!"

"व्हय, व्हय. हायच."

मला बाहेर काढायचं सोडून दोघं भाऊ ढिगापाशी खाली बसले आणि त्या सिनेमातल्या गड्याचं पुढं काय झालं असंल ते बोलायले! गावाकडं गेला असंल. लगीन केला असंल. शेवटी अक्का आली, दोन्ही हातांनी पेंढ्या फेकली आणि मला पायाला धरून ओढून काढली. तोंडाला काजळी, केसांत कडबा, पोट पुढं. अक्कानं माझ्याकडं बघितलं आणि हसायली. पोट धरून, रडेपर्यंत हसायली. मला वाटलं, सुटलो.

सुटलो कुठला! भावांना तवा माझी आठवण झाली, आणि मोईननं न विचारताच सगळा बेत सांगून टाकला. दोन वर्षं साठवलेलं सगळं दोघांनी मिळून माझ्यावर रिकामं केलं. अप्पा वाक्य सुरू करायले, काका संपवायले. मधी कन्नड, मधी मराठी, गाढव दोन्ही भाषांत.

"त्या गड्यानं दुश्मनाचा पूल पाडला होता, गाढवा!" अप्पा.

"तू घरचीच कोप पाडलास, कत्ते!" काका.

"लोकांची आंबील चोरायला..."

"...आलास ते आलास, देव होऊन माझा नमस्कार घेतलास!"

"आणि माझा आवाज काढतूस! मी असा खोकतो? असा बेडकासारखा?"

"असाच खोकतूस, अण्णा."

अप्पा काकांकडं बघितले. मला वाटलं आता पुन्हा दोन वर्षं. पण अप्पा खोकले, अगदी माझ्यासारखे, दोनदा, दुसरा ओढून, आणि दोघं एकमेकाला धरून हसायले. अक्का डोळे पुसत म्हणली, "पत्रिकेत काकांचं नाव वर टाका. आणि ह्याचं टाकूच नका."

काकांची आंबील मातीत, म्हणून सगळे आमच्या कोपीकडं निघाले. काकीनं तेवढी भज्जीची कढई वाचवून संगट घेतली. अप्पांनी स्वतः पान मांडलं, पहिलं काकांना. आणि दुसरं मला.

सिनेमातला हेर पकडला गेला की दाताखाली लपवलेली गोळी चावतोय आणि सुटतोय. मी मोईनच्या कानाशी वाकलो. वाकलो म्हणजे प्रयत्न केलो.

"मोईन, गोळी हाय का?"

"हौ," म्हणून त्यानं खिशातनं गुपचूप काढून दिली. हाजम्याची.

तोंडात टाकणार, तेवढ्यात काकीची पळी माझ्या मनगटावर.

"गोळ्या खायलास? आंदी भज्जी खा! तीन शेतांत जेवून आलास, आणि सख्ख्या काकीच्या कोपीत शिरून उपाशी निघालास व्हय? लाज न्हाई वाटत? बस खाली, मेल्या! उंडे संपल्याबिगर उठलास तर ढिगाऱ्यात परत घालीन!"